काशीच्या चकत्या आणि वीस अंकी संख्या

काशीच्या एका मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया आहेत, त्यातल्या एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या. पुजारी एका वेळी एकच चकती हलवतात, लहानीवर मोठी कधीच ठेवत नाहीत आणि सगळ्या चकत्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जग संपेल, अशी एक कथा आहे. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी 1883 मध्ये बाजारात आणलेल्या कोड्यासोबत ती पसरली. काशीत असे मंदिर असल्याचा पुरावा नाही. मग त्यासाठी लागणाऱ्या खेळ्यांची संख्याही कल्पित म्हणायची का? मुळीच नाही. सर्वांत खालची चकती हलवण्याआधी वरच्या सगळ्या बाजूला काढाव्या लागतात, नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात. म्हणून दर नव्या चकतीला खेळ्या दुप्पट अधिक एक होतात: 1, 3, 7, 15. चौसष्टाव्या चकतीला 1,84,46,74,40,73,70,95,51,615.

सेकंदाला एक खेळी धरली, तरी सुमारे 58,450 कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे जेमतेम 1,380 कोटी. ‘नुसत्या मोठेपणाचे काय कौतुक?’ असे कोणी विचारील. पण खेळ्यांच्या या संख्येचे अवयव पाहा: 3, 5, 17, 257, 641, 65,537 आणि 67,00,417. दोनाच्या बत्तिसाव्या घातात एक मिळवून येणारी संख्या गणिती फर्मा यांनी मूळ मानली होती. 1732 मध्ये गणिती ऑयलर यांनी तिला 641 ने भाग जातो हे दाखवले. तोच 641 इथे आहे. कथा खोटी ठरली तरी गणित अढळ राहते. आज घरी कागदाच्या तीन चकत्या कापा आणि सात खेळ्या स्वतः मोजून पाहा.