स्टिअरिंग क्षणभर जड होतं तेव्हा

चालत्या पिकअपचं स्टिअरिंग अचानक जड झालं, तर बहुतेक ड्रायव्हर पहिल्यांदा एकच करतात: अंगातला सगळा जोर लावून ते ओढतात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये घात होत होता तो नेमका इथेच.

शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा या तिथे प्रचंड खपणाऱ्या गाड्या. २०१४च्या मॉडेलच्या सुमारे ८ लाख गाड्या कंपनीने २०१७मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवल्या. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१८मध्ये, तशाच दोषासाठी २०१५च्या मॉडेलच्या पिकअप आणि एसयूव्ही मिळून १२ लाखांहून अधिक गाड्यांवर तीच पाळी आली. मधलं वर्षभर त्या गाड्यांचे मालक तो दोष घेऊनच फिरत होते. एवढ्या मोठ्या कंपनीला हे शोभणारं नव्हतं.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये ड्रायव्हर किती जोर लावतो ते सेन्सर मोजतो आणि त्या मानाने एक मोटर त्याला मदत करते. गाडी वेगात असताना मोटरला फारसं काम नसतं. खरी मेहनत असते ती पार्किंगमध्ये किंवा चौकात गाडी हळू वळवताना, कारण तेव्हा टायर रस्त्याला घासत फिरतात आणि मोटर भरपूर करंट खेचते. या पिकअपमध्ये अशा वेळी व्होल्टेज पडायचं आणि मोटरची मदत बंद व्हायची. व्होल्टेज सावरलं की मदत पुन्हा सुरू.

स्टिअरिंगची चाकांशी असलेली जोडणी शाबूतच राहत होती, तुटत काहीच नव्हतं. मदत गेल्यावर गाडी वळवणं अवघड व्हायचं, पण त्याहून फसवी होती ती मदतीचं परत येणं. रस्सीखेचीत समोरच्याने एकाएकी दोर सोडावा तशी ड्रायव्हरची गत व्हायची, आणि गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळायची. २०१८मध्ये परत मागवलेल्या गाड्यांच्या ३० अपघातांची नोंद होती. त्यांत दोघे जखमी झाले, मृत्यू कोणाचा झाला नाही. उपाय मात्र साधा निघाला. सुटा भाग न बदलता, नवं सॉफ्टवेअर घालून दुरुस्ती झाली, तीही फुकट.

आपल्याकडचं उदाहरण याहून गंभीर आहे, कारण तिथे प्रश्न सॉफ्टवेअरचा नव्हे, लोखंडाचा होता. मारुती सुझुकीने जुलै २०२३मध्ये एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या टाय रॉडमधल्या संशयित दोषासाठी परत मागवल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या या गाड्या. स्टिअरिंगचा हुकूम चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे टाय रॉड. क्वचित प्रसंगी तो तुटू शकतो, असं कंपनीनेच सांगितलं होतं. ईको मालवाहतुकीसाठीही चालते आणि रुग्णवाहिका म्हणूनही, हे लक्षात घेतलं तर यातला धोका कळतो.

स्टिअरिंग मध्येच जड आणि मध्येच हलकं होणं, खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येणं, स्टिअरिंगचा प्ले म्हणजे ढिलेपणा वाढणं, गाडी एका बाजूला ओढणं, पुढचे टायर एकाच कडेने झिजणं, यांपैकी काहीही दिसलं तर माल भरण्याआधी गाडी तपासून घ्यावी. चालत्या गाडीत स्टिअरिंग जड झालं, तर हिसका देऊ नये. दोन्ही हातांनी ते घट्ट धरावं, अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, इंडिकेटर देऊन गाडी हळूहळू कडेला घ्यावी. गाडी थांबेपर्यंत इंजिन बंद करू नये, नाहीतर उरलीसुरली मदतही जाते.

आता खरी अडचण. रिकॉलचा, म्हणजे गाडी परत मागवल्याचा, निरोप जातो तो कंपनीकडे नोंद असलेल्या मालकाला. पिकअप मात्र दोन-तीन हातांतून फिरते. मालक एक, चालवणारा दुसरा, फोन नंबर तिसऱ्याचाच. भारतात १ एप्रिल २०२१पासून रिकॉलचे नियम लागू आहेत आणि दोषी कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो. पण गाडी वर्कशॉपपर्यंत आलीच नाही, तर त्या दंडाने टाय रॉड बदलत नाही.

म्हणून जुनी पिकअप घेणाऱ्याने आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहावा. ते जमत नसेल तर अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारावं: या नंबरवर कुठलं रिकॉल बाकी आहे का? बाकी असेल, तर त्या कामाचे पैसे कंपनी भरते, मालकाला ते द्यावे लागत नाहीत.