खाणावळीची वही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी माझी आई गेली. दिवसकार्य उरकल्यावर आम्ही तिची पत्र्याची ट्रंक उघडली. आत दोन लुगडी, जुनं रेशनकार्ड आणि तळाशी एक दोनशेपानी वही. वहीतलं अक्षर माझं होतं.

आमचं घर लालबागला, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत. वडील गिरणीत, साचेखात्यात. एका पगारात भागेना म्हणून आईने खाणावळ सुरू केली. गिरणगावात तेव्हा अशा खाणावळवाल्या चाळीचाळीत होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहत. पाळी संपली की ओळखीच्या बाईकडे जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे देत. आईकडे असे अकरा मेंबर होते, तिन्ही पाळ्यांचे. पहाटे पेटलेला स्टोव्ह रात्री उशिरा विझायचा.

मेंबरांचे पैसे महिन्याने, पण पीठ-तांदूळ रोज लागायचे. त्यासाठी सावकाराचं भारी व्याज भरावं लागे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्यांना एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. आईनेही कर्ज घेतलं. कागदावर अंगठा उठवला, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मेंबरांचा हिशेब ती तोंडपाठ सांगायची आणि मी वहीत उतरवायचो. सातवीपासून ते काम माझ्याकडे होतं.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबले, भूक थांबली नाही. आमच्याकडे पानं पूर्वीसारखीच पडत होती. वडीलही संपात. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आई म्हणायची, ‘‘लिही, आज अकरा.’’ मी लिहायचो आणि आतून जळायचो. आईच्या चारांतल्या दोन बांगड्या गेल्या, तेव्हा मी ओरडलो, ‘‘यांच्याकडून दमडी मिळणार नाही. बंद कर हे!’’

आई भाकरी थापत होती. म्हणाली, ‘‘इतकी वर्षं त्यांच्या पैशांवर तुझी फी भरली. आता त्यांना उठ म्हणू?’’

त्या रात्री मी वहीत मोठ्या अक्षरांत ‘उधारी बंद’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘‘लिही, आज नऊ.’’ मी रेघांच्या खाली लिहिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर उरलेले मेंबर शेतीसाठी गावी गेले. पुढे काहींनी पैसे दिले, काहींनी तांदूळ, कुळीथ धाडले. काहींचा पत्ताच लागला नाही. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मी कॉलेज सोडून दुकानात नोकरी धरली. आईवर त्याचा राग होता. तो बोललो नाही, पण पुष्कळ वर्षं धरून ठेवला.

माझ्या मुलीला मात्र आजी म्हणजे सर्वस्व. तिला शाळेत पोचवायचं, वेणी घालायची, तांदळाची भाकरी न मोडता कशी परतायची ते शिकवायचं, सगळं आजीनेच केलं. तीच मुलगी आज जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत कामाला जाते. ट्रंक उघडली तेव्हा ती शेजारीच बसली होती. मी ‘बंद’चं पान पाहिलं आणि वही घाईने मिटली.

ती म्हणाली, ‘‘बाबा, ते पान मला माहीत आहे.’’

मग कळलं ते असं. सहावीत असताना तिने आजीला अक्षरं शिकवली. पुस्तकातले धडे आजीला कंटाळवाणे वाटायचे, म्हणून आजीने ही वही काढली. मेंबरांची नावं पाठ होती, त्यामुळे अक्षरं पटकन जुळायची. वाचत वाचत दोघी त्या पानावर आल्या. आजीने ‘उधारी बंद’ बोट ठेवून वाचलं. थोडा वेळ गप्प बसली.

‘‘मग काय म्हणाली?’’ मी विचारलं.

‘‘म्हणाली, तुझा बाप तेव्हा खूप रागावला होता. पण लिहायचं थांबला नाही.’’

त्यानंतर आई वीसेक वर्षं आमच्यात होती. त्या पानाचा विषय तिने माझ्याकडे एकदाही काढला नाही. मीही माझा राग तिला कधी सांगितला नाही. त्याबद्दल तिची क्षमा मागायची राहून गेली, ती आज तुमच्यासमोर मागतो.

वही आता मुलीकडे आहे.