अंगाला हात लावू न देणारी कालवड



आज आपण खराऱ्याविषयी बोलणार आहोत. तुमच्यातल्या बहुतेकांच्या दावणीला एखादे तरी जनावर आहे. त्यातले एखादे असे निघते, की खरारा हातात दिसला की नाचू लागते. दावे ओढते, शिंग फिरवते, लाथ झाडते. घरचे म्हणतात, "जाऊ द्या हो, हिला आवडत नाही." मग वसुबारसेला दुरून हळदकुंकू टाकायचे, एवढाच तिचा माणसाशी संबंध. अंगावर शेणाच्या खपल्या धरतात. जांघेत गोचीड भरतात. आणि ती पहिल्यांदा व्याली, की धारेला बसणाऱ्याची खरी परीक्षा होते. जिने कधी पाठीला हात लावू दिला नाही, ती कासेला कसा लावू देईल?

तेव्हा खरारा म्हणजे नुसते जनावर चकाकवणे नव्हे. तो धारेचा पहिला धडा आहे.

आता तिला आवडत का नाही, ते पाहू. गाय आपले अंग आपणच चाटते. पण मान, कपाळ, शिंगाचे बूड, इथे तिची जीभ पोचत नाही. म्हणून ती खांबाला घासते, बाभळीला घासते. नाहीतर शेजारच्या गाईपुढे मान लांब करते, आणि ती गाय हिची मान चाटून देते. हे तुम्ही रोज पाहता. पण कुठे चाटते, ते नीट पाहा. मान, कपाळ, वशिंडाच्या पुढची बाजू. मागच्या पायाकडे ती फारशी जात नाही. म्हणजे हात कुठे लावावा, हे जनावराने आपल्याला दाखवून दिलेले आहे. ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहरी संशोधकांनी हेच तपासून पाहिले. त्यांचा अभ्यास २००८ साली छापला गेला. गाईच्या मानेखाली हात फिरवला, तर ती मान लांब करते आणि कान ढिले सोडते, असे त्यांना दिसले.

आपण मात्र काय करतो? खरारा घेऊन मागून जातो आणि पुठ्ठ्यापासून सुरुवात करतो. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तिला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ती शेपटीच्या नेमकी मागची जागा, आणि नाकासमोरची थोडीशी. न दिसणाऱ्या बाजूने कोणी आला आणि लोखंडी दात अंगावर ओढले, तर कोण गप्प उभा राहील? आपणही राहणार नाही.

आणखी एक कारण असते. जनावराला आठवण असते. ज्याने दोरी लावली, त्यानेच सुई टोचली, एवढे ते पक्के ध्यानात ठेवते.

आमच्या आळीत एक आक्का राहतात. बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी बाजारातून एक संकरित कालवड आणली. गाभण, सातवा महिना लागलेला. दिसायला देखणी, पण माणूस दोन हातांवर आला की डोळे पांढरे करी. आधीच्या धन्याने तिला मोकळी चारली होती. गळ्यात दोरी पडायची ती फक्त सुईच्या वेळी. आक्कांचे दीर म्हणाले, "वहिनी, ही काय धार काढू देणार नाही. व्यायच्या आत बाजार दाखवा. पोट दिसतंय तोवर गिऱ्हाईक आहे."

आक्का आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, हप्ता तर सुरू झालाय. विकली तर कर्ज फिटंल, पण दुधाची आशा गेली. ठेवली आणि हात लावू दिला नाही, तर दोन्ही गेलं. काय करू?"

आम्ही काही गुरांचे डॉक्टर नव्हे. पण गुरांत वाढलो, आणि चाळीस वर्षे शाळेत बुजरी मुले पाहिली. आम्ही विचारले, "आक्का, अजून दोन महिने आहेत. रोज दहा मिनिटं द्याल का? आणि ती दहा मिनिटं तुम्हीच द्यायची, दुसऱ्या कोणी नाही."

पहिला आठवडा कालवडीला हात लावायचाच नाही, असे ठरले. आक्का गव्हाणीच्या बाजूला घमेले पालथे घालून बसत आणि भाजी निवडत. येताना लांबूनच "ये बाय, ये" म्हणत. रोज तेच शब्द, तोच आवाज, तीच वेळ. मूठभर पेंड गव्हाणीत टाकत आणि तिच्या डोळ्याला डोळा न भिडवता बसून राहत. पाचव्या दिवशी कालवडीने आक्कांच्या हातातून पेंड खाल्ली. दीर हसले. "पेंड काय, कोणाच्याबी हातची खाईल," म्हणाले. ते खरेच होते.

दुसऱ्या आठवड्यात आक्का तिच्या खांद्याशी उभ्या राहू लागल्या. पेंड खात असताना मानेखालच्या पोळीला हाताची पालथी बाजू लावायची, मनात पाच आकडे मोजायचे, आणि हात काढून घ्यायचा. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती तुम्ही नीट ऐका. जनावर शांत उभे असेल तेव्हा हात काढायचा. ते उसळले, म्हणून काढायचा नाही. कारण उसळल्याबरोबर हात निघाला, तर त्याला काय कळते? उसळले की हा माणूस जातो. मग ते रोज उसळेल, आणि उद्या त्याहून जोरात उसळेल. शांत असताना हात निघाला, तर उलटे कळते. पण हा हट्ट खांद्याशी उभे राहून करावा. मागच्या पायाच्या टप्प्यात उभे राहून करू नये. गाय नुसती मागे लाथ मारत नाही, पाय पुढे घेऊन बाजूलाही झाडते. भिंत आणि गाय यांच्यामध्ये तर कधीच शिरू नये.

मग मागचे अंग कसे सवयीचे करायचे? आम्ही आक्कांना एक लांब बांबूची काठी घ्यायला सांगितली. तिच्या टोकाला जुने गोणपाट गच्च गुंडाळले. ती काठी आधी कालवडीला हुंगू दिली. मग खांद्याशी उभे राहून त्या गोणपाटाने पाठ, पुठ्ठा, मांडी हलकेच घासायची. कालवडीने पहिले दोन दिवस लाथा झाडल्या. त्या काठीला लागल्या. काठीला काही दुखत नाही. काठी तिथेच राही. पाय खाली टेकला की काठी दूर आणि पेंड पुढे. आठवडाभरात पाय उचलणे थांबले.

असे चांगले चालले असताना एक घोटाळा झाला. आक्का हप्ता भरायला गेल्या होत्या. पुतण्याला वाटले, आपण काकींचे काम उरकू. त्याने कालवडीची वेसण आवळून धरली आणि लोखंडी खरारा पाठीच्या कण्यावरून ओढला. पोर वाईट नाही, घाईचे आहे. पण त्यानंतर चार दिवस कालवडीने पेंडीकडे तोंड केले नाही. आक्कांना पुन्हा घमेल्यावर बसून भाजी निवडावी लागली. एक बरे, की दुसऱ्या खेपेला पहिल्याइतके दिवस लागले नाहीत.

चौथ्या आठवड्यात हात मानेवरून कानाकडे गेला, तेव्हा ती एकदम झटकली. आक्कांनी दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिले. कानाच्या आत गोचीड. मग शेपटीखाली पाहिले, जांघेत पाहिले, तिथेही तेच. ज्या जागी ठणकते, त्या जागी हात नको वाटणारच. म्हणून आमचे म्हणणे असे, की जनावर एका ठराविक जागीच हात लावू देत नसेल, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी ती जागा पाहावी. गोचीड असेल, जखम असेल, खरूज असेल. आणि जे जनावर काल खरारा करू देत होते ते आज देत नसेल, तर ते आजारी आहे असे धरून डॉक्टरांना दाखवावे.

गोचिडाबद्दल थोडे सांगतो. संकरित गाईला गोचीड म्हणजे नुसती खाज नव्हे. गोचिडातून थायलेरिया नावाचा ताप येतो. त्यात जनावर दगावते. दुसरा एक ताप येतो, त्यात लघवी लाल होते. पोट भरलेली गोचिडाची मादी जनावरावरून खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, दगडाच्या सांदीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसते अंगावरचे गोचीड काढून भागत नाही. आक्कांनी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर बोलावले. कालवड गाभण आहे, हे आधी सांगितले, कारण औषध त्या मानाने द्यावे लागते. डॉक्टरांनी अंगाला लावायचे औषध दिले. दिरांनी गोठ्याच्या भेगा मातीने लिंपून बंद केल्या. हे काम त्यांनी न सांगता केले, ते आम्ही मुद्दाम सांगतो.

गोचीड बोटाने चिरडू नका. आपल्याकडे ती फार जुनी सवय आहे. बायका धारेला बसल्या बसल्या चिरडतात. गोचिडातून माणसाला होणारा एक वाईट ताप आहे. त्याला काँगो ताप म्हणतात. त्यात रक्तस्राव होऊन माणूस मरतो. २०११ साली तो शेजारच्या गुजरातेत निघाला. म्हणून गोचीड काढायचा तर हाताला पिशवी किंवा मोजा घालून, चिमट्याने, आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचा. नंतर हात धुवायचे.

आठव्या महिन्याच्या शेवटी आक्का हाताने, मग काथ्याच्या ब्रशने सगळे अंग घासू लागल्या. शेवटी कास. कोमट पाण्यात फडके पिळून कासेला लावायचे, सडांना नुसता तळहात लावायचा. दूध ओढून पाहायचे नाही. व्यायच्या आधी सडाचे तोंड बंद असते, ते उघडले तर कासेत रोग शिरतो.

कालवड रात्री व्याली. पाडी झाली. पहिले दोन दिवस कास सुजलेली होती, दुखत होती. दुसऱ्या दिवशी तिने एकदा पाय झाडला आणि चरवी उलटी झाली. आक्का ओरडल्या नाहीत. मानेखाली हात फिरवला, "ये बाय" म्हटले, आणि पुन्हा बसल्या. तिसऱ्या दिवसापासून ती उभी राहिली. पाय बांधावे लागले नाहीत. आता दोन्ही वेळचे मिळून सात लिटर दूध डेअरीला जाते. कॅन दीरच नेतात. बाजाराचे नाव ते काढत नाहीत. कानाला मात्र ती अजून हात लावू देत नाही. आक्का म्हणतात, "राहू दे तेवढं तिचं."

मारून, ओरडून, पाय बांधूनही धार निघते, असे तुमच्यातले काहीजण म्हणतील. निघते, पण पुरती निघत नाही. घाबरलेली गाय पान्हा चोरते, हे आपल्या आज्यांना माहीत होते. अमेरिकेत ईली आणि पीटरसन या दोघा शास्त्रज्ञांनी १९४१ साली ते प्रयोगाने दाखवले. त्यांनी गाईला घाबरवण्यासाठी तिच्या पाठीवर मांजर ठेवले आणि शेजारी कागदी पिशव्या फुगवून फोडल्या. गाईने पान्हा सोडला नाही. मांजरालाही ते काही आवडले नसावे.

आता हत्याराबद्दल. लोखंडी खरारा वाईट नाही. पण तो मांसल अंगावर चालवावा, हलक्या हाताने, केसांच्या दिशेने. तोंड, कणा, गुडघ्याखालचा पाय आणि कास यांना तो लावू नये. तिथे काथ्या किंवा गोणपाट बरे. वाळलेल्या शेणाची खपली ओरबाडू नये, पाण्याने भिजवून सोडवावी. म्हशीला केस थोडे, तिला खराऱ्यापेक्षा पाणी आणि हाताचे चोळणे जास्त मानवते. खिलार जनावर मुळात तापट आणि बुजरे. त्याला आम्ही सांगितलेल्या दिवसांच्या दुप्पट दिवस धरा. ज्यांच्या घरी आत्ता पाडी आहे, त्यांनी तर आजच सुरुवात करावी. तिला बांबूची काठी लागणार नाही, घरातली पोरे पुरतील.

हात फिरवताना कातडीखाली गाठी लागल्या, तर ब्रश तिथेच थांबवावा. २०२२ साली लम्पीने आपल्या महाराष्ट्रात किती दावणी मोकळ्या केल्या, ते तुम्ही पाहिले आहे. अशा वेळी जनावर वेगळे बांधावे आणि लगेच डॉक्टरांना कळवावे. गोल चट्टे दिसले, केस गेलेले दिसले, तर ते गजकर्ण असू शकते. ते माणसालाही लागते.

खरारा धारेच्या आधी निदान तासभर उरकावा, म्हणजे धूळ आणि केस दुधात पडत नाहीत. ब्रश आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. आणि तो दुसऱ्याच्या गोठ्यात उसना देऊ नये. शेजारी मागायला आले, तर काथ्या द्या, तो स्वस्त आहे.