रेस दिली की स्कूटर का अडखळते?

मध्यमवर्गीय कुटुंबात स्कूटरचे स्थान घरातील कमावत्या माणसासारखे असते. पुण्याची ‘चेतक’ १९७२ साली रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. २०१९ साली तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. तरीही पेट्रोलवरच्या स्कूटरी आजही लाखोंच्या संख्येने धावत आहेत आणि अनेक घरांची चूल त्यांच्या चाकांवर अवलंबून आहे.

तापी नदी खानदेशातून वाहत येते आणि सुरत शहर गाठण्यापूर्वी कामरेजजवळून जाते. तिच्याच वाटेने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेच्या परिसरात येऊन स्थिरावली. कामरेजच्या चार रस्त्यावर सुरतेहून येणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गास मिळतो. अशा ठिकाणी पाठीमागून मालट्रक येत असताना कामावरून परतणारा एखादा कामगार रस्ता ओलांडण्यासाठी मूठ पिळतो आणि नेमकी त्याच क्षणी स्कूटर गचके खाऊ लागते. उभ्या जागी सुरळीत चालणारे इंजिन रेस देताच अडखळते. हा दोष केवळ खिशावरचा नव्हे, प्रसंगी जिवावरचा आहे.

पुष्कळ ठिकाणी यावर एकच उपाय होतो. आज प्लग बदलावा, उद्या कॉइल, परवा सबंध कार्बोरेटर! पैसे संपतात, दोष मात्र राहतो. वास्तविक, गाडी उभी असताना चालते आणि रेस दिल्यावर अडखळते, या एका लक्षणातच निदानाची किल्ली आहे.

कार्बोरेटरच्या नळीचा मध्यभाग अरुंद केलेला असतो. अरुंद वाटेने वारा वेगाने गेला की तेथील दाब उतरतो व पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले; अशा अरुंद नळीला आजही त्याचेच नाव आहे. आता या यंत्रात पेट्रोलच्या वाटा दोन असतात. इंजिन मंद चालत असताना लहान जेटमधून पेट्रोल येते. मूठ पिळली की मोठ्या जेटचे काम सुरू होते. म्हणून पहिली वाट मोकळी आणि दुसरी तुंबलेली असेल, तर गाडी उभ्याने उत्तम चालते व धावताना अडखळते.

हत्यार हाती घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. गाडी थंड असताना अडखळते की तापल्यावर? मूठ पिळताच, की एखादा किलोमीटर गेल्यावर? पावसात भिजल्यानंतर, की नवे पेट्रोल भरल्यानंतर? काही अंतर नीट धावून मग गाडी दम टाकत असेल, तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असण्याचा संभव आहे. टाकीत हवा शिरली नाही, तर पेट्रोल खाली उतरणार कसे? झाकण सैल करताच गाडी पूर्ववत चालू लागली, तर फुकटात निदान झाले म्हणावयाचे.

दुसरी परीक्षा चोकची. चोक असलेल्या गाडीत तो किंचित ओढून रेस द्यावी. सुधारणा झाली, तर पेट्रोल कमी पडत आहे असे समजावे. मग कॉक, नळी, पेट्रोलची गाळणी आणि जेट या क्रमाने पाहावे. जेटमध्ये तार कधीही घालू नये. बारीक छिद्र मोठे झाले की ते माप परत येत नाही. ते साफ करावयाचे ते हवेच्या झोताने. चोक ओढल्यावर गाडी उलट अधिकच गुदमरली, तर पेट्रोल जास्त होत आहे. तेथे हवेची गाळणी धुळीने बुजली आहे काय, ते पाहावे. कागदी गाळणी बदलावी लागते. फोमची धुऊन, नीट वाळवून वापरता येते.

तिसरा साक्षीदार प्लग. टोक तपकिरी असेल तर ठीक. काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी अथवा कोठून तरी फाजील हवा शिरते आहे. ठिणगीची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रेस दिली की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडण्यास विजेचा जोर जास्त लागतो. म्हणून अशक्त कॉइल किंवा तडकलेली प्लगची टोपी मंद गतीला निभावते, आणि भार येताच दगा देते. पावसानंतर उद्भवलेला दोष बहुधा येथेच सापडतो. जुन्या टू-स्ट्रोक गाडीत प्रमाणाबाहेर तेल मिसळल्याने सायलेन्सर काजळीने भरला नाही ना, हेही पाहावे; धूर बाहेर पडला नाही, तर नवा श्वास आत कसा यावा?

कामरेजच्या परिसरात उसाचे मळे आहेत, आणि ऊस आता थेट टाकीपर्यंत येऊन पोचला आहे. उसाच्या रसापासून व मळीपासून, तसेच धान्यापासूनही, इथेनॉल तयार होते. भारतातील पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर व २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोच. साहजिकच निव्वळ पेट्रोलच्या मापाने बसविलेल्या जुन्या कार्बोरेटरमध्ये या मिश्रणाला हवा जास्त होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या धाटणीच्या रबरी भागांना ते मानवतेच असे नाही. गाडी दीर्घकाळ उभी राहिली व टाकीत पाणी शिरले, तर ते तळाशी साचते, आणि इंजिन प्रथम तळाचेच पिते. तथापि प्रत्येक दोष नव्या इंधनाच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे. आधी टाकीचा तळ पाहावा, मग निकाल द्यावा.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या स्कूटरींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. तेथे पेट्रोल फवारण्याचे काम विजेच्या पंपाकडे व लहानशा संगणकाकडे आले आहे. समोर इंजिनाचा इशारा-दिवा लागला असेल, तर घरी उघडझाप न करता जाणत्या मिस्त्रीकडेच जावे. हवेची गाळणी व प्लग यांची तपासणी मात्र तेथेही आधी करावी.

हे सर्व काम उघड्या जागी, इंजिन गार झाल्यावर करावे. जवळपास विडी-काडी नसावी आणि सांडलेले पेट्रोल पुसल्याशिवाय ठिणगीची परीक्षा घेऊ नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि गाडी चालवून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने आला ते कळत नाही. स्वस्तातले आधी, महागाचे शेवटी. आणि दोष निघाला आहे अशी गल्लीतल्या मोकळ्या रस्त्यावर खात्री पटेपर्यंत ती स्कूटर महामार्गावर नेऊ नये. एक दिवस बसने जाण्यात कमीपणा नाही.