कृतज्ञता मोजताना: स्वागताध्यक्षांचे भाषण

परिषदेच्या आदरणीय अध्यक्षा, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, ठिकठिकाणांहून आलेले अभ्यासक, शिक्षक आणि अंगणवाडीताई,

समस्त डहाणूकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. याच तालुक्यात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर रुजले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा आग्रह. मुलांमधली कृतज्ञता कशी मोजावी, हे या परिषदेत ठरवतानाही हाच आग्रह धरायला हवा: मोजमापाने मुलाच्या जगात जावे.

मॅककलो, एमन्स आणि त्सांग या मानसशास्त्रज्ञांची कृतज्ञता मोजणारी २००२ सालची सहा विधानांची प्रश्नावली मोठ्यांसाठी तयार झाली. आज ती किशोरवयीन मुलांसाठीही वापरतात. आपल्याला किती कृतज्ञ वाटते, एवढे तिच्यातून कळते. कृतज्ञता या सद्गुणाची कसोटी त्याहून अवघड आहे. समोरच्याने आपल्यासाठी मनापासून काही केले हे मुलाने ओळखावे आणि कोणी न सांगता त्याच्या उपयोगी पडावेसे त्याला वाटावे.

फ्रान्झिस्का बाउमगार्टन यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांमधल्या कृतज्ञतेचा अभ्यास १९३८ साली प्रसिद्ध केला. तुझी सर्वांत मोठी इच्छा कोणती आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील, असे त्यांनी मुलांना विचारले. कोणी आभार मानले, कोणी स्वतःची वस्तू देऊ केली, तर कोणी त्या माणसाची गरज काय असेल याचा विचार केला. जोनाथन टज आणि लिया फ्रेइतास यांनी अलीकडे हेच प्रश्न अमेरिका, ब्राझील आणि इतर देशांतल्या मुलांपुढे ठेवले. मुलाला देणारा माणूस दिसतो का, हे अशा उत्तरांतून समजते.

म्हणून अभ्यासकांना माझी कळकळीची विनंती आहे. या मोजमापाचे प्रगतिपुस्तकात गुण होऊ देऊ नका. गुण लागले की मुले आपल्याला हवे तेच बोलतील. शालेय पोषण आहार हा मुलाचा हक्क आहे. त्याबद्दल मान झुकवली नाही म्हणून कुठल्याही मुलाला कृतघ्न ठरवू नका. उशिरा आलेल्या मुलासाठी जेवण वाढणाऱ्या ताईंनी आठवणीने ताट झाकून ठेवले, तर ती माया मात्र त्याला ओळखता यावी. हक्क आणि माया यांतला हा फरक टिपणारी साधने या परिषदेत घडावीत, अशी सदिच्छा व्यक्त करतो आणि पुन्हा एकदा आपणा सर्वांचे स्वागत करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!