साखरेची पुडी



आपल्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांतही मधुमेही आहेत, आणि कित्येकांना इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. बैठ्या माणसाचे नियम त्यांना पुरत नाहीत. म्हणून हे चार शब्द.

जानेवारी १९२२ मध्ये टोरंटो येथे लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी अशी मुले उपासमारीच्या पथ्यावर कसेबसे दिवस काढीत. तेव्हा हे औषध जीवदान आहे, यात शंका नाही. परंतु ते अन्न आणि श्रम यांच्या मापाने घ्यावयाचे औषध आहे. सुई टोचली, भाकरी लांबली आणि कोयता मात्र चालूच राहिला, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. हात कापतात, दरदरून घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. आणि पाहणारे म्हणतात, 'हा पिऊन आला!' अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तितकीच द्यावी, नंतर भाकरी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून तत्काळ दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट मापाची. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असलेले इन्सुलिन मिळते, तसेच १०० युनिटांचेही मिळते. ४०च्या सिरिंजने १००चे औषध घेतले, तर डोस अडीचपट होतो! म्हणून बाटली आणि सिरिंज यांचा आकडा जुळवूनच घ्यावा.

तिसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोपीत फ्रीज कोठून येणार? वापरातली बाटली पिशवीत घट्ट बांधून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात सावलीला ठेवावी. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे.

कोयता चालवणाऱ्या दंडात टोचू नये, पोटावर टोचावे. ताप आला म्हणून आपल्या मनाने इन्सुलिन बंद करू नये. फडावर जाण्यापूर्वीच, कष्टाच्या दिवशी डोस किती घ्यावा, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे, आणि आपला आजार जोडीदाराला व मुकादमाला सांगून ठेवावा. त्यात लाज कसली?

ज्याच्या घामातून देशाच्या घराघरांत साखर पोहोचते, त्याच्या खिशात साखरेची एक पुडी सदैव असावी, एवढेच सांगून आपली रजा घेतो.