दाजीपूरच्या पाणकाठावर

फाल्गुन सरत आला की राधानगरी धरणाच्या लक्ष्मी तलावाचं पाणी ओसरू लागतं आणि काठच्या ओल्या मातीत जनावरांचे ठसे दिसतात. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणालगतचं दाजीपूरचं जंगल १९५८ साली खास गव्यांसाठी राखलं गेलं. पहाटे, सांजवेळी कळप पाण्यावर येतो. अंग काळंभोर, पायांत जणू पांढरे मोजे! होडीची हौस बाजूला ठेवा, गप्प बसून बघा. अंजनी निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडलेली, पांगाऱ्यावर मैना आणि सूर्यपक्ष्यांची झुंबड. आणि धनेश? मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते; उरलेल्या फटीतून नर तिला उंबरं भरवतो. नवराबायकोचा असा संसार विरळाच. जंगलात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी मात्र घ्या.